वेब सर्व्हिसला आपला क्लास पाठवताना काय पोचते आणि काय गळते

वेब सर्व्हिसला, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारता येणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामला, एखादा आकडा किंवा एखादे नाव पाठवायचे असेल, तर बहुतेक वेळा काहीच अडत नाही. आपण स्वतः लिहिलेल्या क्लासचे (माहितीच्या साच्याचे) ऑब्जेक्ट, म्हणजे त्या साच्यातून बनलेली वस्तू, पाठवायला निघालो की अडचणींना सुरुवात होते, आणि त्यांतल्या बऱ्याच अडचणी अशा असतात की कॉल यशस्वी होतो, कोठेही एरर दिसत नाही, तरीही पलीकडे पोचलेली माहिती अपुरी असते. पतसंस्था आणि लहान सहकारी बँका वापरतात त्या प्रकारच्या प्रणालींवर काम करताना मला मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट या प्रोग्रामिंग व्यवस्थेतल्या जुन्या एएसएमएक्स सर्व्हिसेस, त्यानंतर आलेल्या डब्ल्यूसीएफच्या सर्व्हिसेस आणि जेसन या साध्या मजकूर-स्वरूपात माहिती देणारे-घेणारे अलीकडचे एपीआय हे तिन्ही प्रकार एकाच वेळी हाताळावे लागतात. तिन्हींचे सिरियलायझर, म्हणजे ऑब्जेक्टचा मजकूर करणारे आणि मजकुरातून ऑब्जेक्ट उभे करणारे भाग, वेगळे, नियम वेगळे आणि माहिती गाळण्याच्या तऱ्हाही वेगळ्या आहेत. या सगळ्यातून माझे एक मत बनले आहे: जी चूक एरर देते तिची फारशी धास्ती घेऊ नये, कारण ती तासाभरात सापडते, जी चूक गप्प राहते तिच्या जागा मात्र आधीच माहीत करून घ्याव्यात आणि कोडची मांडणीच अशी करावी की तिला गप्प राहता येणार नाही.

ऑब्जेक्ट हे एका प्रोसेसच्या मेमरीत राहणारे असते. त्याच्या मेथड (कामे करणारे कोड), त्याची खासगी फील्ड (आत साठवलेली माहिती), त्याने दुसऱ्या ऑब्जेक्टकडे ठेवलेले संदर्भ हे सारे तेथेच राहते आणि नेटवर्कवरून जातो तो केवळ मजकूर. स्थळ सुचवताना मुलाची माहिती टपालाने जाते, मुलगा जात नाही, तसाच हा प्रकार आहे. पलीकडची बाजू त्या मजकुरावरून स्वतःच्या क्लासचे एक नवे ऑब्जेक्ट उभे करते, आणि तो क्लास आपल्या क्लाससारखाच असेल याची कोणतीही हमी नसते. उदाहरणासाठी ठेवीच्या अर्जाचा एक साधा क्लास घेऊ. त्याचे एक्सएमएल, म्हणजे नावांच्या जोड्यांमध्ये (एलिमेंटमध्ये) माहिती ठेवणारा मजकूर, साधारण असे दिसेल:

<ठेवअर्ज>
  <खातेक्रमांक>००४५१२७</खातेक्रमांक>
  <जन्मतारीख>१९७८-०६-०१</जन्मतारीख>
  <नाव>सुमन</नाव>
  <व्याजदर>९</व्याजदर>
</ठेवअर्ज>

एक्सएमएलला आणि सी शार्प या डॉट नेटच्या भाषेला देवनागरी नावे चालतात, त्यामुळे वरची नावे केवळ लेखापुरती रचलेली नाहीत. असा क्लास खरोखर कंपाइल होतो. अंक मात्र वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्षात तेथे इंग्रजी अंकच लागतात, कारण एक्सएमएल स्कीमातले (एक्सएमएलची रचना ठरवणाऱ्या नियमांतले) पूर्णांक आणि तारखेचे टाइप देवनागरी अंक स्वीकारत नाहीत.

एएसएमएक्स सर्व्हिस ज्या एक्सएमएल सिरियलायझरवर चालते, तो डॉट नेटच्या २००२ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि त्याचे नियम तसे सरळ आहेत. पब्लिक, म्हणजे बाहेरून दिसणारी, फील्ड आणि वाचता-लिहिता येणाऱ्या पब्लिक प्रॉपर्टी (ऑब्जेक्टमधल्या नाव दिलेल्या किंमती) तो लिहितो. बाकीच्या गोष्टींकडे तो पाहत नाही. क्लासला पॅरामीटर नसलेला कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारे कोड) हवा, नाहीतर तो काम करायलाच नकार देतो. प्रॉपर्टीचा टाइप इंटरफेस असेल तर नकार, हॅशटेबल किंवा डिक्शनरी असेल तरीही नकार, कारण किल्ली आणि किंमत (की आणि व्हॅल्यू) यांच्या अशा संचाला एक्सएमएल स्कीमात थेट जोड नाही. त्यासाठी किल्ली-किंमत अशा दोन प्रॉपर्टी असलेला छोटा क्लास लिहून त्याचा ॲरे पाठवावा लागतो. हे सगळे नकार आवाज करणारे आहेत. फक्त एक ध्यानात ठेवावे, की वरवर दिसणारा संदेश ‘टाइप तपासताना चूक झाली’ एवढाच असतो आणि खरे कारण त्याच्या पोटातल्या इनर एक्सेप्शनमध्ये, कधी कधी दोन-तीन पातळ्या आत असते. लॉगमध्ये फक्त वरचा संदेश लिहिणारे कोड मी जेथे पाहतो तेथे आधी ते बदलतो.

गप्प राहणारी बाजू वेगळी आहे. ज्या प्रॉपर्टीला सेट (बाहेरून किंमत लिहिण्याची सोय) नाही, ती प्रॉपर्टी हा सिरियलायझर काही न बोलता वगळतो. चांगले ऑब्जेक्ट ओरिएंटेड कोड लिहिणारा माणूस व्याजदर बाहेरून बदलता येऊ नये म्हणून सेट काढून टाकतो, किंमत दुसऱ्या एका कन्स्ट्रक्टरमधून घेतो, आणि दुसऱ्या दिवशी ती किंमत एक्सएमएलमधून नाहीशी झालेली असते. म्हणजे क्लास जितका नीट बंदिस्त केलेला, तितका तो या सिरियलायझरला अनुपयोगी. हा विरोध अपघाताने आलेला नाही. बंदिस्तपणा हा वागणुकीचा गुण आहे, आणि येथून वागणूक मुळी जातच नाही.

क्लायंटच्या, म्हणजे सर्व्हिस वापरणाऱ्या प्रोग्रामच्या, बाजूला व्हिज्युअल स्टुडिओत वेब रेफरन्स जोडला की डब्ल्यूएसडीएल (सर्व्हिसच्या मेथड आणि टाइप यांचे वर्णन) वाचून एक प्रॉक्सी (सर्व्हिसला हाक मारणारे तयार कोड) तयार होते, आणि त्या प्रॉक्सीत सर्व्हरवरच्या ‘ठेवअर्ज’ क्लासची एक प्रत असते. नाव तेच आणि प्रॉपर्टी त्याच असल्या तरी कंपायलरच्या दृष्टीने तो पूर्णपणे निराळा टाइप असतो, कारण त्याचा नेमस्पेस (नावांचा गट) वेगळा. त्यामुळे आपल्याकडे मूळ लायब्ररी असली आणि त्यातले ऑब्जेक्ट आपण सर्व्हिसच्या मेथडला देऊ लागलो, तर कंपायलर अडवतो. नव्याने या कामात आलेला प्रत्येक जण येथे अडखळतो आणि सहसा दोनपैकी एक वाट धरतो. एक म्हणजे तयार झालेल्या प्रॉक्सीच्या फाइलमध्ये हात घालून तेथली प्रत काढायची आणि आपला क्लास वापरायचा. पण पुढच्या वेळी कोणी रेफरन्स अपडेट केला की ती फाइल नव्याने लिहिली जाते आणि केलेली दुरुस्ती जाते. दुसरी वाट डब्ल्यूसीएफने अधिकृतपणे दिली: रेफरन्स जोडताना आधीच जोडलेल्या लायब्ररीतले टाइप पुन्हा वापरा, असा पर्याय निवडायचा. दोन्ही टोके डॉट नेटची आणि एकाच चमूच्या हातात असतील तर हा पर्याय उत्तम चालतो. टोके दोन वेगळ्या संस्थांची असतील तर मी तो टाळतो, कारण मग एकाने लायब्ररी बदलली की दुसऱ्याला त्याच दिवशी बदलावी लागते, आणि हेच टाळण्यासाठी तर वेब सर्व्हिस घेतलेली असते.

इनहेरिटन्सचा, म्हणजे एका क्लासवरून दुसरा वारस क्लास बनवण्याचा, प्रश्न याला लागूनच आहे. मेथडचा पॅरामीटर ‘ठेव’ या मूळ क्लासचा आहे आणि आपण ‘मुदतठेव’ पाठवली, तर एक्सएमएल सिरियलायझर हा टाइप अपेक्षित नव्हता असे सांगून थांबतो. मूळ क्लासवर एक्सएमएल इन्क्लूड हे ॲट्रिब्यूट (कोडवर लावायची सूचना) लावून वारस क्लासांची नावे द्यावी लागतात. मग एक्सएमएलमध्ये त्या एलिमेंटवर खरा टाइप कोणता ते लिहिले जाते आणि पलीकडे योग्य क्लास उभा राहतो. डब्ल्यूसीएफमध्ये याच कामासाठी नोन टाइप आहे. सर्व्हिसच्या हद्दीवर इनहेरिटन्सची दोन पातळ्यांहून खोल झाडे नेऊ नयेत, असे माझे मत आहे. जावा किंवा पीएचपीमध्ये लिहिलेल्या क्लायंटला ती झाडे नीट उभी करताना फार त्रास होतो. दोन-तीन प्रकारांच्या ठेवींसाठी प्रकार सांगणारी एक प्रॉपर्टी आणि काही ऐच्छिक प्रॉपर्टी असलेला एकच सपाट क्लास पुरतो, जरी तो दिसायला देखणा नसला तरी.

आता ज्या चुकीमुळे मला हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतो. सर्व्हिस डब्ल्यूसीएफची आहे आणि क्लायंट जुन्या पद्धतीचा, म्हणजे वेब रेफरन्स वापरणारा आहे, अशी जोडी आजही अनेक ठिकाणी दिसते. डब्ल्यूसीएफ डॉट नेट ३.० बरोबर नोव्हेंबर २००६ मध्ये आले. त्याच्या डेटा कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे क्लासमधले काय पाठवायचे हे सांगणाऱ्या करारात, प्रत्येक सभासद-प्रॉपर्टी, आपण वेगळे सांगितले नाही तर, ऐच्छिक धरली जाते. डब्ल्यूएसडीएलमध्ये त्या एलिमेंटची किमान संख्या शून्य अशी लिहिली जाते. नाव किंवा पत्ता यांसारखा मजकूर ऐच्छिक असेल तर तो नल, म्हणजे किंमतच नसलेला, ठेवता येतो. पूर्णांक, दशांश, तारीख आणि बूलियन (ट्रू किंवा फॉल्स) यांना नल होता येत नाही, म्हणून जुने साधन प्रॉक्सी तयार करताना अशा प्रत्येक प्रॉपर्टीशेजारी दुसरी एक बूलियन प्रॉपर्टी निर्माण करते, जिचे नाव मूळ नावापुढे ‘स्पेसिफाइड’ हा शब्द जोडून तयार होते. ही दुसरी प्रॉपर्टी ट्रू असेल तरच सिरियलायझर पहिली प्रॉपर्टी लिहितो, आणि तिची सुरुवातीची किंमत फॉल्स असते.

याचा परिणाम नीट पाहावा. क्लायंटच्या कोडमध्ये अर्जाचा व्याजदर ९ असा लिहिला आहे, डीबगरमध्ये ऑब्जेक्ट उघडून पाहिले तर त्यात ९ दिसतो, कॉल होतो, उत्तर ‘यशस्वी’ असे येते, आणि सर्व्हरवर व्याजदर शून्य असतो. तारेवरून गेलेल्या एक्सएमएलमध्ये व्याजदराचे एलिमेंटच नसते. शून्य व्याजदर निदान कोणाच्या तरी डोळ्यांत भरतो आणि शाखेतून फोन येतो. पण त्याच अर्जात ज्येष्ठ नागरिक आहे का, अशी बूलियन प्रॉपर्टी असेल, तर ती गळाल्यावर सर्व्हरला ‘नाही’ अशी पूर्णपणे पटण्याजोगी किंमत दिसते. ठेव उघडली जाते, पावती छापली जाते, आणि ज्येष्ठांना मिळायचा वाढीव दर त्या ठेवीला लागत नाही. ही चूक लक्षात येते ती ठेवीदाराने स्वतः हिशेब केल्यावर. कोडचे कितीही वाचन केले तरी ती दिसत नाही, कारण चूक लिहिलेल्या ओळीत नसून न लिहिलेल्या ओळीत असते.

यावर सर्व्हरच्या बाजूने करता येण्यासारखा उपाय म्हणजे जी प्रॉपर्टी खरोखर आवश्यक आहे तिच्या डेटा मेंबर ॲट्रिब्यूटवर ‘इज रिक्वायर्ड’ ट्रू करणे. मग डब्ल्यूएसडीएलमध्ये किमान संख्या एक होते, प्रॉक्सी तयार करताना ती जोड-प्रॉपर्टी निर्माणच होत नाही, आणि कोणी हाताने एक्सएमएल रचून ते एलिमेंट वगळले तर सर्व्हर स्पष्ट नकार देतो. अडचण एवढीच, की चालू सर्व्हिसवर हा बदल केला तर आजवर चुकीचे का होईना पण चालत असलेले क्लायंट त्या दिवशी बंद पडतात, म्हणून तो पूर्वसूचना देऊन करावा लागतो. सर्व्हर आपल्या हातात नसेल तर क्लायंटने नवा सर्व्हिस रेफरन्स वापरावा, किंवा प्रॉक्सीच्या ऑब्जेक्टमध्ये किंमती भरण्याचे काम एकाच फंक्शनमध्ये ठेवून किंमत आणि तिची जोड-प्रॉपर्टी या दोन ओळी कायम शेजारी-शेजारी लिहाव्यात.

डब्ल्यूसीएफच्या या डेटा कॉन्ट्रॅक्ट सिरियलायझरची आणखी एक सवय याहून कमी जणांना ठाऊक असते. तो प्रॉपर्टींचा क्रम, आपण वेगळा दिला नसेल तर, नावांच्या वर्णक्रमाने लावतो आणि येणाऱ्या एक्सएमएलमध्येही तोच क्रम अपेक्षितो. वरच्या उदाहरणात खातेक्रमांक, जन्मतारीख, नाव, व्याजदर असा क्रम मी मुद्दाम वर्णानुक्रमे ठेवला आहे. समजा पलीकडच्या प्रोग्रामरने एक्सएमएल हाताने रचले आणि माणूस जसा फॉर्म भरतो तसे आधी नाव, मग खातेक्रमांक, मग जन्मतारीख आणि शेवटी व्याजदर असे लिहिले. सिरियलायझर नाव वाचतो आणि त्याच्या यादीत पुढे सरकतो. नंतर आलेला खातेक्रमांक त्याच्या दृष्टीने मागे गेलेला असतो, म्हणून तो अनोळखी एलिमेंट समजून सोडून दिला जातो. जन्मतारखेचेही तेच होते. व्याजदर यादीत नावाच्या पुढे असल्यामुळे तो मात्र व्यवस्थित पोचतो. चारांपैकी दोन किंमती आल्या, दोन गेल्या, आणि एरर कोठेच नाही. एक्सएमएल सिरियलायझर क्रमाबाबत एवढा कडक नाही. आपण स्वतः क्रमांक दिले नसतील तर तो कोणत्याही क्रमाने आलेली एलिमेंट घेतो, त्यामुळे एएसएमएक्सवरून डब्ल्यूसीएफवर आलेल्या सर्व्हिसमध्ये वर्षानुवर्षे चालत असलेला क्लायंट अचानक अर्धी माहिती पाठवू लागल्यासारखा भासतो. येथेही ‘इज रिक्वायर्ड’ हाच उपाय चालतो.

हाच सिरियलायझर ऑब्जेक्ट उभे करताना क्लासचा कन्स्ट्रक्टर चालवत नाही, हेही त्याच माळेतले. कन्स्ट्रक्टरमध्ये किंवा घोषणेच्या ओळीतच तयार केलेली ठेवीदाराच्या वारसांची रिकामी लिस्ट त्यामुळे रिकामी नसते, नल असते, आणि तिच्यावर पहिला लूप फिरवताच प्रोग्राम पडतो. डीसिरियलायझेशन (मजकुरातून ऑब्जेक्ट उभे करणे) सुरू होण्यापूर्वी चालणारी मेथड लिहिण्याची सोय आहे, ती वापरावी.

तारखांचे दुखणे सर्वच प्रकारांत आहे, आणि आपल्याकडे ते एका विशिष्ट रूपात दिसते. महाराष्ट्रात एका पिढीतल्या पुष्कळ लोकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी शाळेच्या वर्षाला सोयीची तारीख लावून टाकली. अशा माणसाची जन्मतारीख भारतीय वेळेनुसार १ जूनची मध्यरात्र अशी ऑब्जेक्टमध्ये बसली आणि क्लायंटने ती जागतिक वेळेत रूपांतरित करून पाठवली, तर साडेपाच तास वजा होऊन मजकुरात ३१ मे, सायंकाळचे साडेसहा असे जाते. ब्राउझरमधले जावास्क्रिप्ट तारखेचे जेसन करताना नेमके हेच करते. पलीकडे कोणी वेळ कापून फक्त तारीख ठेवली की त्या माणसाचा जन्म मे महिन्यात होतो, आणि मग केवायसीच्या कागदपत्रांशी जन्मतारीख जुळत नाही. डॉट नेटच्या १.१ या आवृत्तीत प्रत्येक तारीख स्थानिक वेळ समजून तिच्यापुढे सर्व्हरच्या टाइम झोनचा फरक जोडला जात असे; २००५ साली आलेल्या २.० मध्ये तारखेचा प्रकार लक्षात ठेवण्याची सोय झाली, पण प्रश्न पूर्ण सुटला नाही. खरे उत्तर हे आहे, की जन्मतारीख, ठेवीची मुदत संपण्याची तारीख किंवा धनादेशावरची तारीख यांना वेळच नसते, म्हणून त्यांना वेळ असलेला टाइप देऊ नये. एक्सएमएल सिरियलायझरमध्ये त्या प्रॉपर्टीचा डेटा टाइप केवळ ‘डेट’ असा सांगता येतो. नव्या डॉट नेटमध्ये ६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, ‘डेट ओन्ली’ हा वेगळा टाइप आहे. काहीच जमले नाही तर वर्ष-महिना-दिवस असा मजकूर पाठवावा. व्यवहार कधी झाला ती वेळ मात्र टाइम झोनसकट गेली पाहिजे.

जेसन आल्यावर हे सारे संपले, असे म्हणणारे लोक भेटतात. जेसन वाचायला सोपे आहे आणि त्याला क्रमाचे बंधन नाही, हे खरे. परंतु तेथे स्कीमा सक्तीची नसल्यामुळे नकार देणारा कोणी उरत नाही, आणि गप्प राहणाऱ्या चुका वाढतात. डॉट नेट कोअर ३.० बरोबर २०१९ मध्ये आलेला सिस्टिम टेक्स्ट जेसन हा सिरियलायझर मुळात फक्त प्रॉपर्टी लिहितो, फील्ड लिहीत नाही. वाचताना नावातली लहान-मोठी अक्षरे वेगळी धरतो, आणि नाव जुळले नाही तर ती किंमत सोडून देतो. पॅरामीटर ‘ठेव’ या टाइपचा असेल आणि आत ‘मुदतठेव’ असेल, तर एक्सएमएल सिरियलायझर जेथे थांबून ओरडला असता, तेथे हा फक्त मूळ क्लासच्या प्रॉपर्टी लिहून मोकळा होतो. मुदत आणि मुदतपूर्तीची रक्कम मागेच राहतात. २०२२ मधल्या डॉट नेट ७ पासून वारस क्लास ॲट्रिब्यूटने जाहीर करता येतात, पण ते लक्षात ठेवून करावे लागते.

मोठ्या आकड्यांचेही तसेच. जेसनमध्ये संख्या किती मोठी असावी यावर बंधन नाही, मात्र जावास्क्रिप्टमध्ये पूर्णांक अचूक राहण्याची हमी ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ या संख्येच्या अलीकडेच संपते. याच्याहून एकाने मोठी संख्या ब्राउझरने वाचली की ती एकाने कमी होते. सोळा किंवा अठरा अंकी खातेक्रमांक संख्या म्हणून पाठवला तर शेवटचे अंक बदलू शकतात, आणि दुसऱ्याच कोणाचे खाते समोर येऊ शकते. शिवाय वरच्या उदाहरणातल्या क्रमांकाच्या सुरुवातीची दोन शून्ये संख्येत टिकणारच नाहीत. ज्या आकड्यांची आपण कधी बेरीज करत नाही ते सगळे मजकूर म्हणून पाठवावेत, म्हणजे खातेक्रमांक, मोबाइल क्रमांक, पिन कोड वगैरे.

या अटींना कंटाळून काही जण सोपी पळवाट काढतात: बायनरी फॉर्मॅटर या डॉट नेटच्या जुन्या सिरियलायझरने संपूर्ण ऑब्जेक्टचे बाइट करायचे, त्यांचा बेस सिक्स्टी-फोर मजकूर करायचा आणि सर्व्हिसला एकच स्ट्रिंग पाठवायची. यात खासगी फील्ड, वारस क्लास, परस्परांचे संदर्भ असे सगळे जाते, म्हणून तो मोह समजण्याजोगा आहे. परंतु असे बाइट उलगडताना कोणता टाइप उभा करायचा हे पाठवणारा ठरवतो, आणि पाठवणारा दुष्ट असेल तर त्या मार्गाने सर्व्हरवर त्याच्या मनासारखे कोड चालवता येते. मायक्रोसॉफ्टने डॉट नेट ५ मध्ये बायनरी फॉर्मॅटर कालबाह्य ठरवला आणि २०२४ च्या डॉट नेट ९ मधून त्याची अंमलबजावणी काढूनच टाकली. ज्या सर्व्हिसमध्ये तो अजून आहे तेथून तो काढण्याचे काम यादीत सर्वांत वर असावे.

डेटाबेसमधून आलेली एन्टिटी ऑब्जेक्ट (तिथल्या नोंदींवरून बनलेली) थेट पाठवण्याची सवय याहून कितीतरी अधिक पसरलेली आहे. ठेवीत ठेवीदाराचा संदर्भ, ठेवीदारात त्याच्या सर्व ठेवींची यादी, त्या प्रत्येक ठेवीत पुन्हा ठेवीदार, असे वर्तुळ तयार होते आणि सिरियलायझर त्याला अडखळतो. ती एरर घालवण्यासाठी लोक वर्तुळ सांभाळणारी सेटिंग लावतात आणि मग दुसरा प्रकार सुरू होतो: लेझी लोडिंग (प्रॉपर्टी वाचली की मगच तिची माहिती आणणे) चालू असेल तर सिरियलायझर प्रत्येक प्रॉपर्टी वाचतो, प्रत्येक वाचन डेटाबेसला एक क्वेरी पाठवते, आणि एका ठेवीच्या चौकशीला निम्मी शाखा बाहेर येते. शिवाय पासवर्डचा हॅश किंवा अंतर्गत शेरा यांसारखी प्रॉपर्टी कोणी उद्या एन्टिटीत वाढवली, तर ती त्याच दिवशी जगाला दिसू लागते.

म्हणून मी सर्व्हिसच्या हद्दीसाठी वेगळे, साधे क्लास लिहितो. आमच्याकडे त्यांना सगळे डीटीओ (डेटा ट्रान्सफर ऑब्जेक्ट) म्हणतात. त्यांत मेथड नसतात, सर्व प्रॉपर्टी पब्लिक आणि वाचता-लिहिता येणाऱ्या असतात, संदर्भांऐवजी क्रमांक असतात, आणि मूळ क्लासमधून त्यांत व परत किंमती नेणारे कोड मी हातानेच लिहितो. हे काम आपोआप करणाऱ्या लायब्ररी आहेत आणि त्या वाईट नाहीत, पण नाव जुळले नाही की त्यांतल्या काही गप्प बसतात, आणि आपण ज्या गोष्टीपासून दूर पळतो आहोत तीच पुन्हा घरात येते. हाताने लिहिलेली चाळीस ओळींची कंटाळवाणी असाइनमेंट कोणालाही वाचता येते.

एवढे करूनही एक जागा उघडी राहते, ती आवृत्त्यांची. सर्व्हरने डीटीओत ‘नामनिर्देशन’ ही नवी प्रॉपर्टी वाढवली. जुन्या क्लायंटला ती ठाऊक नाही. त्याने ठेवीची माहिती मागवली, फक्त पत्ता बदलला आणि संपूर्ण ऑब्जेक्ट परत पाठवले. त्याच्या क्लासमध्ये नामनिर्देशनाला जागाच नसल्यामुळे परतीच्या मजकुरात ते नसते, आणि सर्व्हर ते रिकामे समजून डेटाबेसमधली नोंद पुसतो. डब्ल्यूसीएफमध्ये अनोळखी माहिती जपून परत पाठवण्यासाठी एक इंटरफेस आहे, सिस्टिम टेक्स्ट जेसनमध्येही उरलेल्या किंमती एका डिक्शनरीत ठेवण्याची सोय आहे, पण त्या क्लायंटने वापरल्या तरच उपयोगी. सर्व्हर माझ्या हातात असेल तर मी ‘संपूर्ण ठेव बदला’ अशी मेथड देतच नाही. पत्ता बदलण्याची वेगळी, वारस बदलण्याची वेगळी, आणि प्रत्येकीला तिच्यापुरताच डीटीओ.

तपासणीबाबत दोन गोष्टी. शंका आली की ऑब्जेक्टकडे पाहू नये, मजकुराकडे पाहावे. नेटवर्कवरून जाणारा मजकूर दाखवणारे फिडलरसारखे साधन किंवा डब्ल्यूसीएफचा मेसेज लॉग उघडला की कोणते एलिमेंट गेले आणि कोणते गेले नाही ते दोन मिनिटांत कळते. आणि प्रत्येक डीटीओसाठी ऑब्जेक्ट ते मजकूर आणि मजकूर ते ऑब्जेक्ट अशी फेरी मारून तुलना करणारी एक टेस्ट असावी, जिच्यात एकही किंमत शून्य, नल, फॉल्स किंवा रिकामी नसेल. बहुतेक टेस्टमध्ये व्याजदर शून्य आणि ज्येष्ठ नागरिक फॉल्स असे भरलेले असते, आणि गळालेली किंमत पलीकडे नेमकी तशीच दिसत असल्याने ती टेस्ट आनंदाने पास होते. क्लायंटच्या बाजूला ही टेस्ट प्रॉक्सीच्या क्लासवर चालवावी, सर्व्हरच्या क्लासवर नव्हे. ‘स्पेसिफाइड’वाली जोडी फक्त तेथेच सापडते.